56 दिवस आधी

गेल्या आठवड्यात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका गेटचा फोटो आला. दक्षिण नागपुरात आमच्या जुन्या घराजवळची मनपाची शाळा. पटसंख्या संपून बंद पडलेली, गेट गंजलेलं. खाली ओळ होती, "इथं बेघर निवारा होऊन राह्यला म्हणे. सगळ्यांनी सह्या करा." मग सुरू झालं. बेवडे येतील. पोरीबाळींनी जायचं कसं? फ्लॅटचा भाव पडन. शंभरावर मेसेज झाले, पण ही माणसं मुळात येतात कुठून, हे एकानंही विचारलं नाही.

मला राहवलं नाही. मी लिहिलं, निवारा ही शेवटची पायरी आहे, त्याच्या आधीचं कोणी बोलेल का? वर्गातला एक जण आता बिल्डर आहे. त्याचं उत्तर लगेच आलं, "तुले का करा लागते व? तू तर लंडनले." मी लंडनला नाही. लंडनपासून गाडीनं दोन तास लांब राहते. पण नागपूरच्या लेखी विमानतळापलीकडचं सगळं लंडनच.

गेली सात वर्षं मी इथल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या मनपाच्या, हाउसिंग खात्यात काम करते. आमच्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा अजून घरातच राहत असतो. इंग्लंडमध्ये 2018 पासून लागू झालेला कायदा म्हणतो, पुढच्या 56 दिवसांत ज्याचं घर जायची शक्यता आहे, त्याच्यासाठी कौन्सिलनं आत्ताच हातपाय हलवायचे. मग आम्ही घरमालकाला फोन करतो. थकलेल्या भाड्यासाठी कुठला फंड बसतो ते बघतो. सासू-सुनेत, बाप-लेकात मध्यस्थी करतो. नाहीच जमलं तर नव्या घराच्या डिपॉझिटचं बघतो. प्रत्येकाचा लेखी प्लॅन बनतो आणि त्यात त्यानं काय करायचं, आम्ही काय करायचं, दोन्ही असतं. तुरुंगातून सुटणारा किंवा हॉस्पिटलातून डिस्चार्ज होणारा माणूस बेघर होईल असं दिसलं, तर त्यांनी त्याला विचारून आम्हाला कळवायचं, हेही कायद्यात आहे.

शिवाय दर पाच वर्षांच्या आत कौन्सिलला आपल्या हद्दीतल्या बेघरपणाचा आढावा घेऊन धोरण छापावं लागतं. 2002 च्या कायद्यानं ते सक्तीचं आहे. आढाव्याचं काम माझ्या टेबलावर येतं. कंटाळवाणं काम, एक्सेलच्या शीटवर शीट. पण लोक घर का गमावतात, ते त्यातून कळतं. सगळीकडे तीच तीन कारणं वर असतात. घरमालकानं भाडेकरार संपवला. घरात मारहाण होत होती. आणि तिसरं, नातेवाइकांनी किंवा मित्रांनी "आता जमणार नाही" म्हटलं. यातलं इंग्लिश काय आहे, सांगा. गणेश टेकडीच्या पायथ्याशी झोपलेल्या म्हाताऱ्याला विचारा, तो यापेक्षा वेगळं काय सांगणार?

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, जरा चढ्या आवाजात. सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा आदेशही टाकला. मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक निवारा हवा. 2011 च्या जनगणनेत नागपूर चोवीस लाखांचं होतं. म्हणजे चोवीस निवारे, आणि तुम्ही एका गेटसाठी सह्या गोळा करता? 2023 च्या मार्चमध्ये जी-20 चे पाहुणे येणार म्हणून पोलिसांनी 144 लावून भीक मागायलाच बंदी केली, तेव्हा याच ग्रुपवर रंगवलेल्या भिंतींचे फोटो फिरले होते. 'आपलं नागपूर, चमकून राह्यलं.' तेव्हा सिग्नलवरची माणसं कुठं गेली, हे मीही विचारलं नव्हतं. मीही थम्स-अप टाकला होता.

बिल्डरमित्र हुशार. शाळेतही होता. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याच सरकारचा आकडा शोधून आणला: 2025 साली इंग्लंडमध्ये एक लाख तीस हजारांवर कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात. "तुमच्या प्लॅनचं का झालं मॅडम?" आकडा खरा आहे. मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला बी अँड बीमध्ये, म्हणजे लॉजसारख्या खोलीत, सहा आठवड्यांच्या वर ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि सातव्या, आठव्या आठवड्यातल्या कुटुंबांची यादी मीच दर सोमवारी काढते. घरंच नसतील तर प्लॅनमध्ये लिहायचं काय? पण हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहिलं की निदान मोजतात तरी. शेखी म्हणा हवं तर.

गंमत अशी की ऑफिसात मी नेमकी उलटी होते. किचनमध्ये चहा करताना एखादी सहकारी झोपडपट्टीचा विषय काढते, चेहऱ्यावर ती ठरावीक हळहळ आणून, आणि मी नागपूरची वकील होते. तिला सांगते, आमच्याकडे मनपा आणि नागपूर सुधार प्रन्यास झोपडपट्टीवासीयांना पट्टे देतात, जागेचा हक्क त्यांच्या नावावर करून. पट्टा हातात आला की उद्या बुलडोझर येईल ही भीती जाते. बेघरपणा रोखायचा याहून सरळ मार्ग तुमच्या कुठल्या स्ट्रॅटेजीत आहे? पट्टे किती रखडतात, कोणाच्या जमिनीवर मिळतच नाहीत, हे मात्र मी तिला सांगत नाही. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, आवारात गडचिरोली-बालाघाटहून आलेले पेशंटचे नातेवाईक चादर टाकून झोपतात, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा असतानाही, तेही नाही. इथं पारा शून्यावर आला की उघड्यावरच्यांना आत घ्यायची यंत्रणा हलते. आमच्याकडे उन्हाळाही तितकाच जीव घेतो, पण त्या उन्हाची आपल्याला लाज वाटत नाही, उलट कौतुक वाटतं.

आता खरं सांगते. 2014 मध्ये आम्हाला सेक्शन 21 ची नोटीस आली होती. दोन महिन्यांत घर सोडा, कारण काही नाही. (1 मे 2026 पासून ते कलम बंद.) नवऱ्याचा प्रोजेक्ट संपलेला, धाकटी सहा महिन्यांची. मी कौन्सिलची वेबसाइट उघडली आणि मग पाकिटातलं व्हिसाचं कार्ड पाहिलं. त्यावर छापलेलं होतं, 'नो पब्लिक फंड्स'. म्हणजे सल्ला मिळेल, घर नाही. त्या रात्री दादाला फोन केला. तो म्हणाला, "ये निघून. वरचा मजला रिकामाच हाय." एवढंच. ना आढावा, ना धोरण. पुढे तीन आठवड्यांत नवऱ्याला काम मिळालं, घरही मिळालं, जायची वेळ आली नाही. पण ते तीन आठवडे मी त्या वरच्या मजल्याच्या भरवशावर झोपले.

2019 मध्ये आई गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. वरच्या मजल्यावर आता भाडेकरू आहेत, आणि आम्ही नागपूरला आलो की वर्धा रोडवरच्या हॉटेलात उतरतो. पोरींना एसी लागतो असं सांगतो.

सह्यांच्या कागदाचा फोटो शनिवारी आला. बाविसावी सही दादाची आहे. तीच वळणदार 'र'.

आमच्या कामात एक चाचणी असते, माणसाचा या गावाशी संबंध आहे का याची. गेल्या बारा महिन्यांतले सहा, किंवा पाच वर्षांतली तीन वर्षं तिथं राहिलेला हवा. या हिशेबानं मी नागपूरची कोणी नाही, बिल्डरमित्र बरोबर आहे. पण नियमात आणखी एक वाट आहे. सख्खा भाऊ किंवा बहीण तिथं निदान पाच वर्षं राहत असेल आणि अर्जदाराची त्यांच्याजवळ राहायची इच्छा असेल, तरी संबंध धरतात. हा प्रश्न मी शेकडो लोकांना विचारला आहे, पेन हातात धरून.

काल दादाला फोन केला, सहीबद्दलच बोलायचं म्हणून. तो भाडेकरूच्या मोटारपंपाचं सांगत बसला, पाऊस अजून नाही म्हणाला. मग विचारलं, "दिवाळीले येऊन राह्यली का? उतरशील कुठं?"

मी म्हटलं, बघू.