जगभर चालणारं लायसन घ्या, कोल्हापूर सोडून

पोराला पायलट करायचं ठरवलंत? अभिनंदन. आता कुणाला काही विचारू नका, तेवढं पथ्य पाळा.

आधी एजन्सी गाठा. आमच्या दाजींनी राजारामपुरीतल्या ज्या ऑफिसात चेक फाडला, तिथं भिंतीवर हा एवढा फ्लेक्स आहे, 'आयकाओ लायसन, १९३ देशांत मान्य'. वाचून छाती फुगू द्या. आयकाओ म्हणजे माँट्रियलची आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, ती कुणालाच लायसन देत नाही, ती नुसते किमान निकष ठरवते आणि लायसन त्या त्या देशाचं सरकार देतं, असल्या फंदात पडू नका. मग जमीन काढा. दाजींनी उजळाईवाडीचे गुंठे विकले. विमानतळाशेजारची जमीन विकून विमान शिकायचं, यात एक खानदानी तोरा आहे.

देश निवडताना फक्त मावसभाऊ कुठं राहतो ते बघा.

भारतातलं मेडिकल परत आल्यावर करा. रंग नीट ओळखता येत नाहीत, हे कर्ज संपूर्ण उचलल्यावर कळावं.

१९४४ चा शिकागो करार उघडू नका. त्यातलं ३२ वं कलम सांगतं की आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारं विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशानं दिलेलं किंवा ग्राह्य धरलेलं लायसन वैमानिकाकडे हवं. म्हणजे अमेरिकेचं लायसन 'एन' नोंदणीच्या विमानाला. अंगावर 'व्हीटी' लिहिलेल्या, म्हणजे भारतात नोंदलेल्या विमानाला आपल्या डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, दिलेलं किंवा ग्राह्य धरलेलंच लागतं. पण हे वाचलं तर मजा जाते.

आणि हो, पोरगं परत आलं की पेढे वाटा. आम्ही वाटले. मग मी आणि भाचा एजन्सीत गेलो. काउंटरवरच्या पोरानं मोबाइलवरची नजर न काढता सांगितलं, "लायसन व्हॅलिडच आहे साहेब. इंडियासाठी कन्व्हर्जनचं पॅकेज वेगळं." वेगळं! कन्व्हर्जन म्हणजे परदेशी लायसनवरून भारतीय लायसन काढणं. वर एक छापील कागद सरकवला. परदेशातून लायसनची पडताळणी, एअर रेग्युलेशनचा पेपर, नेव्हिगेशन, हवामान, पास व्हायला ७० टक्के, इथलं क्लास वन मेडिकल, विमानातल्या रेडिओवर बोलायचा परवाना, आरटीआर. कागद छापून तयार होता, म्हणजे आज सुचलेलं नव्हतं. "हे आधी का नाही सांगितलं?" तर म्हणे, "तुम्ही विचारलं नाही." अरे, दाजींनी विचारलं होतं! तेव्हा यानंच सांगितलं, आरटीओत गाडीचं इंटरनॅशनल परमिट मिळतं ना, तसंच समजा. गाडीचं परमिट! आणि आता क्लासची फी निराळी, हॉस्टेल निराळं, त्यावर जीएसटी. भाचा मान खाली घालून लायसनचं प्लॅस्टिक नखानं खरवडत बसला होता. दोनशेच्या वर तास विमान उडवलेलं पोर.

नियमांवर माझा राग नाही. २०११ साली आपल्याकडेच बनावट गुणपत्रिकांवर लायसन मिळवलेले वैमानिक पकडले गेले. २०२० साली पाकिस्तानच्या मंत्र्यानंच संसदेत २६२ वैमानिकांची लायसन संशयास्पद असल्याचं सांगितलं आणि युरोपनं त्यांच्या पीआयए या विमान कंपनीची उड्डाणं बंद केली. दुसऱ्याच्या कागदावर डोळे झाकून कोण माणसं बसवील? ब्रिटनचंच बघा, संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश लायसनवर युरोपीय संघात नोंदलेलं विमान चालवता येईना. एकच लायसन अनेक देशांत चालतं ते युरोपासारखं, सगळ्यांनी एकच नियमावली मानली तर. फ्लेक्स लावून नाही.

पुरे झाली थट्टा. एजन्सीवाल्यांनो, परदेशात शिकवायला आमची ना नाही, पण अर्धा रस्ता दाखवून पूर्ण रस्त्याचे पैसे घेता, ही सरळ फसवणूक आहे. आणि दाजी, तुम्हीपण ऐका. गुंठ्याचा सातबारा तीन वकिलांना दाखवता, आणि पोराच्या लायसनला एका फ्लेक्सवर विश्वास? डीजीसीएच्या संकेतस्थळावर सगळं लिहिलंय, फुकट. धाकट्याला घेऊन पुन्हा त्याच दारात जाणार असाल तर आधी लेखी मागा, या लायसनवर व्हीटी विमानात बसायला आणखी काय लागतं आणि त्याचे पैसे कोण भरणार. सही-शिक्का देत नसतील तर चहा न घेता उठा.