अधिकार कोणी दिला, हे पक्ष बघून विचारायचे नसते

गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत ओहायोमध्ये राहताना अमेरिकेच्या राजकारणावर मराठी मंडळींशी माझे पुष्कळ वाद झाले. युद्ध, सरकारी पाळत किंवा गर्भपात यांपैकी कोणताही विषय निघाला की समोरचा माणूस आधी मी कोणत्या पक्षाची हे हेरतो आणि मग माझे म्हणणे ऐकायचे की नाही ते ठरवतो. मला मात्र हे तिन्ही विषय मुळात एकच वाटतात. माणसाच्या जिवाबद्दल, घराबद्दल आणि शरीराबद्दल परस्पर निर्णय घेण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला, आणि त्याला लगाम कोणी घालायचा?

११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तीनच दिवसांनी, १४ सप्टेंबर २००१ रोजी, अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याची मुभा देणारा ठराव ४२० विरुद्ध १ मतांनी संमत झाला, आणि सिनेटमध्ये तर विरोधात एकही मत पडले नाही. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे होते. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावे लागले. ठरावाला ना मुदत होती, ना देशांची नावे. पुढे दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी अफगाणिस्तानपासून हजारो मैल दूर असलेल्या कारवायांसाठीही त्याचाच आधार घेतला. पुढच्याच महिन्यात सरकारला पाळतीचे वाढीव अधिकार देणारा पेट्रियट कायदा आला, तेव्हा सिनेटमध्ये विरोधात उभे राहिले ते एकटे विस्कॉन्सिनचे रस फाइनगोल्ड. हे दोघेही डेमोक्रॅट, पण त्यांचा बहुतांश पक्ष त्या दिवसांत त्यांच्यासोबत नव्हता, ही गोष्ट आज सोयीने विसरली जाते. इराक युद्धाच्या ठरावालाही २००२ मध्ये सिनेटमधल्या ५० पैकी २९ डेमोक्रॅटांनी होकार दिला होता.

त्या काळातली आमची स्वतःची वागणूकही मला लख्ख आठवते. २००२ मध्ये सरकारने काही ठरावीक देशांच्या पुरुषांना इमिग्रेशन कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे, फोटो आणि जबाब देण्याची सक्ती केली. ते देश जवळजवळ सगळे मुस्लिमबहुल होते आणि भारत त्या यादीत नव्हता. माझ्याबरोबर काम करणारा एक पाकिस्तानी इंजिनिअर सकाळी सातला फाइल काखोटीला मारून गेला तो रात्री परतला, आणि दुसऱ्या दिवशी कोणाशी फारसे बोलला नाही. आमच्या शनिवारच्या बैठकीत यावर एकच वाक्य उमटले, ‘आपल्याला काय त्याचे, आपण यादीत नाही.’ मीही गप्प बसले. सरकार लोकांच्या याद्या करू लागले की आपले नाव त्यात नाही एवढ्यावर समाधान मानणे किती घातक असते, हे कळायला मला फार वेळ लागला.

२०१३ च्या जूनमध्ये गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांच्यामुळे कळले की सरकार कोट्यवधी सामान्य अमेरिकनांच्या फोनचे तपशील सरसकट गोळा करत होते. पेट्रियट कायद्याच्या ज्या कलमाचा आधार घेतला होता, ते बुश यांच्या काळातले आणि वापर चालू होता ओबामांच्या काळात. जुलैमध्ये मिशिगनच्या दोन प्रतिनिधींनी, रिपब्लिकन जस्टिन अमॅश आणि डेमोक्रॅट जॉन कॉनियर्स यांनी, असे तपशील गोळा करणे थांबवणारी दुरुस्ती मांडली. ती २०५ विरुद्ध २१७ अशी थोडक्यात पडली. बाजूने ९४ रिपब्लिकन आणि १११ डेमोक्रॅट होते. व्हाइट हाउस आणि दोन्ही पक्षांचे नेतृत्व मात्र विरोधात एकवटले होते. मी त्या मतांची यादी पुन्हा पुन्हा वाचली आहे. जे लोक आम्हाला एरवी दोन टोकांचे म्हणून दाखवले जातात, ते तिथे एका रांगेत उभे होते.

युद्धाच्या बाबतीत तर पक्ष बघून बदलणारी भूमिका उघड दिसते. १९७३ चा युद्धाधिकार ठराव सांगतो की काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, परवानगी नसेल तर राष्ट्राध्यक्षाने साठ दिवसांत लढाई थांबवावी. २०११ मध्ये लिबियावरील हल्ल्यांनी ती मुदत ओलांडली, तेव्हा ओबामा प्रशासनाने याला ‘शत्रुत्वाची कारवाई’ म्हणता येत नाही असा युक्तिवाद केला. त्याविरुद्ध दोन्ही पक्षांच्या दहा खासदारांनी दावा लावला, त्यांत आमच्या क्लीव्हलंडचे डेनिस कुसिनिच पुढे होते. बहुसंख्य डेमोक्रॅट गप्प राहिले. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हा तेच डेमोक्रॅट राज्यघटना हातात घेऊन उठले आणि रिपब्लिकनांमध्ये थॉमस मॅसी यांच्यासारखे मोजकेच आवाज उरले. राज्यघटनेचे कलम तेच होते, बदलला होता फक्त राष्ट्राध्यक्षाचा पक्ष.

आणि आता गर्भपात. माझे मत स्पष्ट आहे. गर्भारपण चालू ठेवायचे की नाही, हा निर्णय त्या स्त्रीचा आहे, तो राज्याच्या विधिमंडळाचा नाही. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा निवाडा मोडीत काढला आणि त्याच दिवशी ओहायोत सुमारे सहा आठवड्यांनंतर बंदी घालणारा कायदा लागू झाला. सहा आठवडे म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. बलात्कारासाठीही त्यात सवलत नव्हती. काही दिवसांतच बलात्कार झालेल्या दहा वर्षांच्या मुलीला आमच्या राज्यातून इंडियानाला न्यावे लागले. ती बातमी खोटी आहे असे सांगणारे पुढारी आरोपीला अटक झाल्यावरही शरमले नाहीत, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

२०२३ मध्ये ओहायोत या विषयावर दोनदा मतदान झाले आणि दोन्ही वेळा प्रश्नाचा क्रमांक एकच होता. ऑगस्टमध्ये राज्यघटना बदलायला साध्या बहुमताऐवजी साठ टक्के मते हवीत असा प्रस्ताव होता, म्हणून माझ्या अंगणात ‘नाही’ची पाटी होती आणि शेजारच्या बाईंच्या अंगणात ‘होय’ची. नोव्हेंबरमध्ये गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालायचा होता, म्हणून दोघींच्या पाट्यांची अदलाबदल झाली. साठ टक्क्यांची अट लोकांनी फेटाळली आणि हक्काला सुमारे ५७ टक्के मते मिळाली. ज्या राज्याने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये ट्रम्प यांना निवडले, त्याच राज्यात हे घडले. याचा अर्थ हजारो रिपब्लिकन मतदारांनी पक्षाचे न ऐकता स्वतःच्या घरातली लेक, सून, बहीण डोळ्यांसमोर आणून मत दिले.

शेजारच्या बाई कॅथलिक आहेत आणि त्यांचे मत मला पटत नाही. पण २००३ च्या मार्चमध्ये इराक युद्धाविरुद्ध चर्चच्या पायऱ्यांवर मेणबत्ती घेऊन थंडीत उभ्या होत्या त्या याच. फाशीच्या शिक्षेलाही त्यांचा तितकाच विरोध आहे. निकालानंतर आम्ही दोघी अंगणातल्या पाट्या उपटत होतो. त्यांनी मला विचारले, ‘ऑक्टोबर २०११ मध्ये येमेनमध्ये आपल्या ड्रोनने सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा मारला गेला, त्यावर ना आरोप होता ना खटला. त्या वेळी तुझ्या बाजूचे लोक कुठे होते?’ त्या वर्षी मी कोणालाही एक ओळ लिहिली नव्हती, हे मी त्यांना सांगितले. या आठवड्यात मी आमच्या दोन्ही सिनेटरना आणि प्रतिनिधीला पत्र पाठवले. २००१ चा तो ठराव रद्द करण्याच्या बाजूने ते मत देणार का, एवढेच त्यात विचारले आहे, आणि खाली माझ्या सहीशेजारी त्या बाईंची सही आहे.