आभाळ आधीच आणून ठेवलं ना!

शनिवारच्या गाण्यांच्या कार्यक्रमातल्या निवेदकाचा विषय कट्ट्यावर निघणारच होता. शंकरनगरच्या टपरीवर चहा सांगायच्या आधीच बंडूभाऊ सुटले. "एका गाण्याआधी किती वेळा 'जणू' म्हणून राहिला होता तो! गाणं बिचारं मागे ताटकळून राहिलं."

देशकर सरांनी बोट वर केलं. "उपमेची चार अंगं असतात. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द."

"सर रिटायर झाले, बोट नाही झालं," विक्या पुटपुटला.

सरांनी ऐकलं आणि थेट खांडेकरांवर गेले. "'ययाति'ला ज्ञानपीठ उगीच नाही मिळालं. पानोपानी उपमा आहेत!"

"तेच तर!" बंडूभाऊ म्हणाले. "माणूस रडायला लागला की उपमा रुमाल घेऊन हजर. रडू द्या ना त्याले! 'कोसला' पाहा, 1963 चं पुस्तक. कोसला म्हणजे कोश. नेमाड्यांनी एक रूपक मुखपृष्ठावर ठेवलं आणि मोकळे झाले. आत पांडुरंग सांगवीकर 'उदाहरणार्थ' नि 'वगैरे' करत बोलून राहिला, पण तो कोश काही डोक्यातून जात नाही."

"'उदाहरणार्थ' हा अलंकार नव्हे," सर म्हणाले.

मी उघड उघड बंडूभाऊंच्या बाजूचा. ऑर्केस्ट्रात गाऊन गाऊन त्यांचा कान तयार झालाय. त्यांनी 'सावळाच रंग तुझा' गुणगुणलं आणि थांबले. "बघा, रंग 'पावसाळी नभापरी'. इथे 'परी' आहे, सरांची उपमा. पुढे नजरेत वीज खेळते. तिथे कुठे आहे 'परी'? गदिमांनी आभाळ आधीच आणून ठेवलं ना! मग वीज विचारून कायले येईल?"

माणिक वर्मांच्या आवाजात हे गाणं मी लहानपणापासून ऐकतोय. पहिली ओळ दोन गोष्टी शेजारी ठेवते, दुसरी त्यांच्यातलं अंतरच पुसून टाकते, आणि ऐकताना आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ही कारागिरी अफाट आहे.

"आपल्या राजा बढ्यांचं 'चांदणे शिंपीत जाशी' पण तसंच," विक्या म्हणाला. "ती चालली की चांदणं सांडतंच. जणूबिणू काही नाही."

"आणि सुरेश भट?" बंडूभाऊंचा आवाज चढला. "'उषःकाल होता होता'मध्ये 'आयुष्ये मशालीसारखी पेटवा' असं असतं तर कोणी जागचं हललं असतं का? आयुष्यांच्या मशाली! संपला विषय."

सर क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "तरी उपमेशिवाय कर्ण उभा राहत नाही. 'मृत्युंजय' वाचा. माझी प्रत या विक्याकडे पडून आहे, कधीची मागतोय."

"सर," विक्याने हात जोडले, "कर्णाचं पुस्तक देऊन परत मागता?"

टपरीवाल्यासकट सगळे फुटले. सरही हसत होते. "पहिलं पान तरी उघडलं का बे?" त्यांनी विचारलं, पण विक्याचं उत्तर त्या गोंधळात कोणाला ऐकूच आलं नाही.