बडीला सॉरी कोणी म्हटलं?

एक बाबा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि तावातावाने उत्तर लिहायला बसलो. दोन परिच्छेद झाल्यावर कळलं की हे उत्तर नाही, भांडण आहे. ते पुसलं, 'द इनक्रेडिबल्स' पुन्हा लावला, शेवटपर्यंत पाहिला आणि मग आज लिहितोय. तुमचा राग अगदीच अस्थानी नव्हता हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जिथे अडून बसेन तिथे तुमची फार चिडचिड होणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. ब्रॅड बर्डच्या २००४ सालच्या या पिक्सारपटावर लिहिताना मी म्हटलं होतं की त्यातला खलनायक सिंड्रोम, म्हणजे लहानपणीचा बडी पाइन, 'बिचारा' आहे, सगळ्या पात्रांत मला तोच जवळचा वाटतो, मूळ चूक नायकाची, म्हणजे मिस्टर इनक्रेडिबल ऊर्फ बॉबची आहे आणि बडी म्हणजे पिक्सारचा एकलव्य. त्यावर 'एक बाबा' या नावाने आलेल्या प्रतिक्रियेचा सारांश असा: डझनावारी माणसं मारणाऱ्याला बिचारा कसं म्हणता? दहा वर्षांच्या पोराला बॉम्बच्या शेजारून हाकललं यात बॉबची चूक काय? एकलव्याला कशाला यात ओढता? लहान मुलांच्या सिनेमाचा एवढा कीस कशाला पाडायचा? शिवाय त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने सिनेमा संपल्यावर विचारलं, "बाबा, बडीला कोणी सॉरीच म्हटलं नाही का?" आणि हा प्रश्न माझ्या लेखामुळे घरात आला, असा एकंदर सूर.

कीस पाडण्याचं आधी निकालात काढू. ज्या सिनेमात विमा कंपनीत खर्डेघाशी करणारा, पोट सुटलेला नवरा रात्री बायकोला थापा मारून बाहेर जातो, आणि बायकोला त्याच्या कपड्यावर परक्या बाईचा पांढराशुभ्र केस सापडतो, तो सिनेमा फक्त लहान मुलांसाठी केलेला नसतो. आपल्याकडे हिंदीत 'हम हैं लाजवाब' म्हणून आला तेव्हा बाबांचा आवाज शाहरुख खानचा आणि धावऱ्या पोराचा आवाज आर्यनचा, खऱ्या बापलेकांचा होता. तिकीट काढणारा बापच असतो, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आता एकलव्य. इथे मी सपशेल शरण. एक चमकदार वाक्य सुचलं आणि मोह आवरला नाही, एवढंच त्याचं स्पष्टीकरण. द्रोणाने एकलव्याला नाकारलं ते निषादाचा मुलगा म्हणून. बॉबने बडीला नाकारलं कारण समोर बँक फोडणारा बॉम्ब व्हॉयाज नावाचा चोर उभा होता आणि पोरगं मेलं असतं. शिवाय एकलव्याने स्वतःचा अंगठा कापून दिला. सिंड्रोमने स्वतःचं नखही दिलं नाही, दुसऱ्यांचे जीव घेतले. तुम्ही म्हणता तसं, हा एकलव्याचा अपमानच झाला.

'मूळ चूक बॉबची' हेही वाक्य मागे घेतो, आणि ते तुमच्यामुळे नाही, सिनेमामुळे. पुन्हा पाहताना कानावर एक संवाद पडला जो मी पहिल्या दोन्ही खेपांना चक्क गाळला होता. बडी गाडीत घुसून बसतो तेव्हा बॉब त्याला सांगतो की मी तुझ्याशी नीट वागलोय, तुझ्यासोबत फोटोला उभा राहिलोय, तू पुढे केलेल्या प्रत्येक चिटोऱ्यावर सही केलीय. म्हणजे या माणसाने पोराला झिडकारलेलं नव्हतं, बराच काळ सांभाळून घेतलं होतं. त्यातून ती त्याच्या लग्नाची संध्याकाळ. आणि त्याच रात्री बडीच्या केपला चिकटलेला बॉम्ब काढायला हाच माणूस हवेत झेप घेऊन लोंबकळतो. तो बॉम्ब पडून पुलावरचा रेल्वेमार्ग तुटतो, गाडी अंगावर घेऊन थांबवावी लागते, मग प्रवाशांचे खटले, आणि शेवटी सगळ्याच सुपरहिरोंवर बंदी. बडीला वाचवण्याची किंमत बॉबने १५ वर्षं फेडली. हे मी लिहायला हवं होतं.

इथवर तुमचं बरोबर. पण बूट राहिले.

तो बँकेतला प्रसंग मुलासोबत पुन्हा बघाल तेव्हा बडीच्या चेहऱ्याकडे नका बघू, पायांकडे बघा. या पोराकडे कुठलीही दैवी शक्ती नाही. त्याने आपल्या हातांनी उडणारे बूट बनवलेत. ते पायात घालून तो खिडकीतून आत येतो आणि सांगत सुटतो की शक्ती नसली तरी सुपर होता येतं, हे मी बनवलंय, बघा. आणि त्या दालनातली दोन मोठी माणसं, एक नायक आणि एक चोर, दोघंही त्या बुटांकडे बघतसुद्धा नाहीत. चोर तर फ्रेंचमधून त्याच्या पोशाखाची टर उडवतो. नायक म्हणतो, घरी जा बडी, मी एकटाच काम करतो. नकार योग्यच होता. पण तुम्हीही बाप आहात. घाईच्या वेळी पोरगं काहीतरी जोडून-चिकटवून घेऊन येतं तेव्हा "आत्ता नाही" म्हणायच्या आधी "अरे वा, हे कसं केलंस?" एवढं म्हणायला किती सेकंद लागतात? बॉम्ब फुटायच्या आत नक्की मावतात.

मला हे इतकं का लागलं तेही सांगतो, कारण समीक्षकाचं जुनं दुखणं कुठे आहे हे वाचकाला माहीत असलेलं बरं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या गावी एक नाटक आलं होतं. त्यातल्या मुख्य नटाची अख्खी स्वगतं मला पाठ होती. प्रयोग संपल्यावर काकांचा हात सोडून मी स्वाक्षरीची वही घेऊन रंगपटात घुसलो. तो आरशासमोर बसून गमाने चिकटवलेली मिशी कडेकडेने सोडवत होता, गळ्यात टॉवेल. मी एका दमात त्याचंच स्वगत म्हणायला लागलो. त्याने आरशातूनच, मागे न वळता, कुणालातरी म्हटलं, "याला बाहेर काढा रे." झालं. आज कळतं की त्याला त्याच रात्री बसने पुढच्या गावी पोचायचं असणार, अंगात ताप असेल, काहीही असेल. पण ते स्वगत मी पुन्हा कधी म्हटलं नाही. मी त्याच्यावर सोडायला सिंड्रोमसारखा रोबो बनवला नाही हेही खरं. (हस्तकलेत नापास होतो.)

म्हणून सिंड्रोमबद्दलचे माझे दोन शब्द वेगळे करतो. 'बिचारा' काढून टाकतो, 'जवळचा' ठेवतो. बिचारा खलनायक कसा असतो ते बघायचं असेल तर १९९२ सालच्या बॅटमॅनच्या ॲनिमेटेड मालिकेतला 'हार्ट ऑफ आइस' हा भाग बघा. पॉल डिनीने लिहिलेला, ब्रूस टिमने दिग्दर्शित केलेला. त्याआधी कॉमिक्समधला मिस्टर फ्रीझ म्हणजे बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा एक किरकोळ चोर होता. या भागाने त्याला बायको दिली. असाध्य आजार असलेली, उपाय सापडेपर्यंत गोठवून ठेवलेली. आणि तो प्रयोग मध्येच बंद पाडणारा कंपनीचा मालक दिला. शेवटी कोठडीत फ्रीझ काचेच्या गोळ्यातल्या इवल्याशा नर्तिकेकडे बघत बायकोची क्षमा मागतो. त्याचं जे गेलं ते खरंच गेलं आणि परत येणार नाही. बडीचं काय गेलं? एका संध्याकाळचा मान. फ्रीझ सूड घेतो तेव्हा त्याच्या मनात दुसरं कुणीतरी आहे. सिंड्रोमच्या मनात फक्त सिंड्रोम आहे.

तुम्ही मारलेल्या माणसांचा हिशेब विचारलात, तो बरोबर जागी विचारलात. सिंड्रोमच्या बेटावरच्या गुहेत गेझरबीम या जुन्या सुपरहिरोचा सांगाडा आणि भिंतीवर त्याने मरताना कोरून ठेवलेला शब्द, मग त्याच शब्दाने उघडणारा संगणक, आणि पडद्यावर एकामागून एक येणारे निवृत्त हिरोंचे चेहरे, प्रत्येकावर संपल्याचा शिक्का. एकेकाला कामाचं आमिष दाखवून बोलवायचं, रोबोशी झुंजवायचं, तो मेला की रोबो सुधारायचा. हा रागाच्या भरात केलेला खून नाही, हे उत्पादन आहे. हेच बूट बनवणारे हात, तीच हुशारी. म्हणून तर मला तो प्रसंग बघवत नाही. परक्या राक्षसाने केलं असतं तर नुसता राग आला असता.

आता माझा मुख्य मुद्दा, जो पहिल्या लेखात मला नीट मांडता आला नाही. 'मी एकटाच काम करतो' हे वाक्य या सिनेमात कोण कोण, कधी आणि कशासाठी उच्चारतं ते बघा. आधी बॉब म्हणतो, होणाऱ्या बायकोला, हेलनला, गच्चीवर, थोडं मिरवत. मग तेच बडीला, झटकून टाकताना. पुढे १५ वर्षांनी बेटावर सिंड्रोम विमानावर क्षेपणास्त्रं सोडतो. विमानात हेलन आहे, दोन मुलं आहेत, आणि ती रेडिओवरून मुलं असल्याचं ओरडून सांगतेय. बॉब गयावया करतो. सिंड्रोम म्हणतो, उशीर झाला, १५ वर्षं उशीर झाला. स्फोट होतो. आणि मग तो बॉबला म्हणतो की सावरशील तू, मला आठवतं त्याप्रमाणे तुला एकट्यानेच काम करायला आवडतं.

हे वाक्य त्याने १५ वर्षं जपून ठेवलंय. मूळ वाक्याला जेवढी धार नव्हती तेवढी रोज घासून घासून आणलीय. माणूस अपमान असाच साठवतो, आणि म्हणूनच मी म्हणतो की तो जवळचा आहे. मला त्या नटाचं वाक्य आजही शब्दाशब्दाने आठवतं. त्याला ते पाच मिनिटंही लक्षात राहिलं नसेल.

पण हे वाक्य इथे संपत नाही. लगेच पुढे बॉब सिंड्रोमच्या मदतनीस मिराजला पकडतो आणि चिरडून टाकीन म्हणतो. सिंड्रोम खुशाल सांगतो, टाक. बॉबच्या हातून होत नाही, सिंड्रोम त्याला दुबळा म्हणतो. नंतर मिराजच सिंड्रोमला सुनावते की जिवाची किंमत असणं म्हणजे दुबळेपणा नव्हे. त्या क्षणी बॉबला वाटतंय की बायको-मुलं गेली. म्हणजे त्याचं दुःख बडीच्या दुःखापेक्षा हजारपट मोठं आहे, हात रिकामे नाहीत, आणि तरी तो थांबतो. सिनेमाने सिंड्रोमला दिलेलं खरं उत्तर हे आहे, शेवटची मारामारी नव्हे. आणि शहरातल्या लढाईआधी बॉब हेलनला मागे थांबायला सांगतो. तिला वाटतं पुन्हा तेच एकट्याचं पालुपद. तेव्हा तो कबूल करतो की तुम्हाला पुन्हा गमावण्याइतकी ताकद माझ्यात नाही. एवढी वर्षं ऐटीत म्हटलेल्या वाक्याच्या आत भीती होती. बडीने ते वाक्य धडा म्हणून गिरवलं, ज्याचं ते होतं त्याने टाकून दिलं.

सिंड्रोमच्या मरणावर मी हळहळलो, तेही तुम्हाला खटकलं. इथे मी ठाम आहे. बॉब विमानावर गाडी फेकतो, सिंड्रोम तोल जाऊन इंजिनपाशी जातो आणि त्याचा केप आत ओढला जातो. सुपरहिरोंचे पोशाख शिवणाऱ्या एडनाबाईंनी (आवाज खुद्द दिग्दर्शकाचा!) केपने मेलेल्यांची यादी ऐकवलेली असते, त्यात जेटच्या टर्बाइनमध्ये केप अडकलेली एक बाई आहेच, त्यामुळे कथेचा टाका घट्ट बसतो. पण माणूस मेला आणि आपण विनोद जुळला म्हणून खूश झालो. नायकाच्या हातालाही डाग नाही, आपल्याही नाही. मला ती पळवाट वाटते.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. त्याला सांगा, सॉरी म्हटलं होतं. बेटावर सिंड्रोम आपली ओळख देतो तेव्हा बॉब म्हणतो, मी तुझ्याशी तसं वागायला नको होतं, माफ कर. पटकन येऊन जातं, माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं. पण बॉब तेव्हा रोबोच्या तावडीत आहे, आणि सिंड्रोम लगेच म्हणतो, बघ, आता माझा धोका वाटतो म्हणून मान देतोयस. त्यात तो साफ चुकतोय असं मला म्हणता येत नाही. तुमच्या मुलाला काय वाटतं ते मात्र मला खरंच ऐकायचंय.

मूळ लेखातली एकलव्याची आणि 'मूळ चूक'ची वाक्यं खोडली आहेत, पण खोडलेली दिसतील अशीच ठेवली आहेत. आणि जमलं तर मुलाला आणखी एक विचारा: बॉब रागाने गाडी डोक्यावर उचलतो तेव्हा बबलगमचा फुगा फोडत बघत बसलेला तो तीनचाकीवरचा पोरगा आठवतो का? तो नंतर पुन्हा येऊन थांबतो. बॉब त्याला हाकलत नाही. कशाची वाट बघतोयस, असं विचारतो.