फिटच्या गोळ्या आणि सैतानावरचा अधिकार

इंदूरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ग्रुपांत एक ऑडिओ क्लिप फिरतेय. फिरेना का, म्हणून सोडून दिलं असतं. पण ती ऐकून आत्याने नातवाची रात्रीची फिटची गोळी डबीतच ठेवली. आता गप्प बसवत नाही.

क्लिपचं म्हणणं असं: मिरगी म्हणजे अशुद्ध आत्मा. विश्वासणाऱ्याने येशूच्या नावाने धमकावलं की तो निघतो. नाही निघाला, तर रुग्णाचा विश्वास कमी. आणि गोळी घेणं म्हणजे सैतानापुढे हात टेकणं.

विश्वासणाऱ्याला सैतानावर अधिकार आहे ही गोष्ट शास्त्रात आहे, ते नाकारत नाही. लूक १०:१९ मी पण पाठ केलंय. पण पुढच्याच वचनात प्रभू सांगतो की आत्मे वश होतात याचा आनंद मानू नका. ते वचन क्लिपमध्ये गाळलंय.

आता मिरगी. आधार दिलाय मार्क ९ चा, आणि तिथल्या मुलाचं वर्णन फिटसारखंच आहे हेही कबूल: पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो. पण म्हणून प्रत्येक फिट म्हणजे भूत? मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी वेगळे मोजलेत. आणि मार्क ९ नीट वाचा हो! अधिकार मिळालेले शिष्य तिथे हरले होते. येशूने आधी बापाला विचारलं, हे केव्हापासून होतंय? बाप म्हणाला, लहानपणापासून. डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतात. क्लिपवाल्या भाऊंनी कोणाला काय विचारलं? त्यांनी फक्त 'फोन स्पीकरवर ठेवा' म्हटलं. पुढे तो बाप उघड सांगतो की माझा विश्वास अपुरा आहे, तरी मुलगा बरा होतो. मत्तय १७ मध्ये शिष्यांनी 'आम्हाला का जमलं नाही' विचारलं, तेव्हा अल्पविश्वासाचा ठपका त्यांच्यावरच आला, फिट येणाऱ्या पोरावर नाही. शाळकरी मुलाला 'तुझाच विश्वास कमी' म्हणणाऱ्याने हा अध्याय पुन्हा उघडावा.

गोळी एकदम बंद केली तर फिट थांबता थांबत नाही अशी वेळ येऊ शकते. पाच मिनिटांच्या वर चालली तर सरळ एमवाय, म्हणजे इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय, गाठायचं; चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य औषधोपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. प्रार्थना करा ना, गोळी देऊन करा. प्रेषित पौलाने आपल्या सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, तेव्हा त्याने कोणापुढे हात टेकले होते?

ओरडण्याबद्दल काय बोलायचं. स्किवा नावाच्या यहुदी याजकाच्या सात मुलांनीही येशूचं नाव घेऊनच धमकावलं होतं. मार खाऊन उघडे पळाले, प्रेषितांची कृत्ये १९. कॅथलिकांकडे तर १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय भूतग्रस्तावर भूत काढण्याचा विधी करताच येत नाही.

क्लिपच्या शेवटी 'अधिकार शिबिरा'ची फी आणि यूपीआय नंबर आहे. भुते काढा ही आज्ञा मत्तय १०:८ मध्ये आहे, आणि त्याच वचनात पुढे लिहिलंय: फुकट मिळालं, फुकट द्या.