झिजलेल्या पत्त्यांबद्दल

लहानपणीच्या पत्त्यांचा संग्रह कोरा, न हाताळलेला असेल तरच त्याला किंमत, हे तुमच्या लेखातलं म्हणणं डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीतल्या पैलवानांच्या पत्त्यांबाबत मला अजिबात पटलं नाही. ते पत्ते खेळायलाच छापलेले होते. प्रत्येक पत्त्यावर एकेका पैलवानाचे आकडे: रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या आणि जिंकलेल्या लढती. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचा पत्ता उचलायचा. फक्त रँकला लहान आकडा भारी. त्यावरून आमच्या गल्लीत केवढी भांडणं व्हायची! कोपरे दुमडलेला, घामाने मऊ पडलेला गठ्ठा ज्याच्याकडे, तो पोरगा खरा खेळलेला. आणि सांगलीत कुस्ती काही पत्त्यांमधून आली नाही. माझे आजोबा एकेक पत्ता निरखून विचारायचे, "ह्यो आपल्या मारुती मानेंपुढं टिकंल का रं?" माने म्हणजे सांगलीजवळच्या कवठेपिरानचे हिंदकेसरी किताब मिळवलेले पैलवान, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतलं सुवर्णपदक, हे सगळं मला त्या पत्त्यांच्या निमित्तानेच कळलं. कोऱ्या पाकिटातून हे कसं कळलं असतं?

दुसरं म्हणजे, 2005 आणि 2019 चा महापूर पाहिलेल्या गावात 'नीट जपून ठेवा' हा लेखातला सल्ला फार कोरडा वाटतो. आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांचे पत्ते, गोट्या, स्टिकरच्या वह्या चिखलात गेल्या. खेळ मात्र त्यांना अजून तोंडपाठ आहे. पुढच्या लेखात विक्रीच्या किमतींऐवजी गावोगावचे खेळायचे नियम द्या. आमच्याकडचे मी लिहून पाठवतो.