एक वास आणि घरभर नाके

मोटारीने खडखडावे, धूर सोडावा किंवा भर चौकात बंद पडावे. अशा वेळी काय करायचे हे निदान ठरलेले असते. तिला वास येऊ लागला की मात्र घरातल्या प्रत्येकाला आपल्याला नाक असल्याचा साक्षात्कार होतो आणि गाडी गॅरेजात पोचण्याआधीच घरात तट पडतात. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीने ऐन पावसाळ्यात वास सोडला, तेव्हा पुण्यातल्या आमच्या घरी हेच झाले.

वडिलांच्या मते तो वास करपल्याचा होता आणि त्याला माझे चालवणे कारणीभूत होते. खंबाटकीच्या चढावर मी क्लचवरचा पाय काढत नाही, हा त्यांचा जुना आरोप आहे. क्लच प्लेट घासली की जळक्या कागदासारखा वास येतो आणि हँडब्रेक ओढलेला राहिला तर ब्रेकही जवळपास तसाच वास देतात, हे मला मान्य आहे; परंतु हा वास सोसायटीच्या फाटकापाशीच येत होता, आणि आमच्या फाटकात घाट नाही.

शेजारच्या निवृत्त अभियंत्यांनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा एक्झॉस्टमधला डबा, गेल्याचे जाहीर केले. पेट्रोलमधल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि कन्व्हर्टर बिघडला की तो सडक्या अंड्यासारखा दरवळतो, हे त्यांनी समजावून सांगितले. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ मध्ये कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हापासूनची हकिगत ओघाने आलीच. २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-सहा (प्रदूषणाच्या ‘भारत स्टेज’ मानकांतला सहावा टप्पा) पेट्रोलमध्ये गंधक दशलक्ष भागांत फार तर १० भाग असते, त्यामुळे हा वास आता पूर्वीइतका येत नाही, आणि बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज झाली तरी नेमका असाच वास येतो, असे मी नम्रपणे सुचवून पाहिले. पुढे कळले की त्यांना सर्दी झाली होती आणि निदान त्यांनी केवळ ऐकीव माहितीवर केले होते.

मेहुण्यांचा संशय उंदरांवर होता. हा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण पावसाळ्यात उंदीर बॉनेटखालच्या उबेला येतात, वायरी कुरतडतात आणि कधीकधी एसीच्या फिल्टरवर संसार थाटून तिथेच देह ठेवतात. फिल्टर काढून पाहिला तर त्यात पिंपळाची दोन पाने निघाली. तरीही मेहुण्यांनी खबरदारी म्हणून बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या बांधल्या आणि भरीला डांबराच्या गोळ्या टाकल्या, त्यामुळे मूळ वास ओळखण्याची उरलीसुरली आशाही संपुष्टात आली.

पत्नीचे म्हणणे वेगळे होते. तिला वास गोड वाटत होता, गुळाचा पाक उकळत असल्यासारखा. तेव्हा डिकीत कोणीतरी काकवी सांडली असणार, असा तिचा निष्कर्ष होता. पुढच्या डाव्या सीटखालचा गालिचा ओलसर लागतो, हेही तिनेच दाखवून दिले. त्यावर सासूबाईंनी बोट लावून चाखून पाहण्याची सूचना केली. ती अमलात आली नाही हे आमचे नशीब.

मिस्त्रींसमोर मी या सर्व मतांचा सारांश मांडू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला. “साहेब, वास कसला ते नका सांगू. कधी येतो ते सांगा.” गाडी थांबवल्यावर बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास आला, तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकत असते. प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास आला तर गाडी तिथेच बंद करून वायरिंग बघायचे, आणि पेट्रोलचा आला तर चावीला हातसुद्धा लावायचा नाही. आमचा वास इंजिन गरम झाल्यावर, ब्लोअर लावला की येत होता, आणि पुढच्या काचेवर आतून धुके धरत होते, जे फडक्याने पुसले की तेलकट पसरे.

मिस्त्रींनी गालिचा उचलला, त्यातला ओलावा अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून पाहिला आणि बोटे माझ्यासमोर धरली. एसीचे पाणी असते तर ते नुसते पाणी असते; हे बुळबुळीत होते आणि त्याला हिरवट झाक होती. डॅशबोर्डच्या आतला हीटर कोअर झिरपत होता. हीटर कोअर म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कूलंट, इंजिनातून गरम होऊन ज्यातून फिरतो ती छोटी जाळी. कूलंटमधल्या एथिलीन ग्लायकॉलला असा गोडसर वास येतो, आणि ते पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हे ऐकून घरी सासूबाईंनी विषय बदलला.

नवा कोअर बसवायचा तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागणार होता. “पुण्यात हीटर लावता कधी?” मिस्त्रींनी विचारले. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी कोअरकडे जाणारा आणि तिथून येणारा असे दोन्ही होज पाइप बॉनेटखाली एकमेकांना जोडून क्लिपा आवळल्या, कूलंट भरले, आतली हवा काढली आणि रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवले. शास्त्राप्रमाणे कोअर बदलायलाच हवा होता, हे शेजारच्या अभियंत्यांनी मला नंतर पुष्कळदा ऐकवले. पण काचेवरचे धुके एसीनेही जाते, आणि महाबळेश्वरच्या थंडीसाठी आमच्याकडे स्वेटर आहेत.

बिलात कूलंट होते, क्लिपा होत्या, मजुरी होती. बॉनेटखाली बांधलेल्या तंबाखूच्या पुड्यांचा उल्लेख कुठेही नव्हता आणि त्या परतही मिळाल्या नाहीत. डांबराच्या गोळ्या मात्र एकूण एक मोजून माझ्या हातावर ठेवण्यात आल्या.